बर्फात न शिरणारे

गिरमिटाचे पाते बर्फातून आरपार गेले, तेव्हा छिद्रातून पाण्याआधी वास वर आला. नासक्या अंड्यांचा वास. जीवशास्त्रज्ञ इमेल्डा क्विग्ली गुडघे टेकून बसली होती, ती तशीच बसून राहिली. हार्गन तळ्याच्या तळाशी हा वास असतो हे तिला ठाऊक होते. तिथे हजारो वर्षे प्राणवायू पोचलेला नाही आणि जे बुडते ते गंधकाच्या विषात मुरत पडते. पण विषाने खाली राहावे आणि जिवाने वर, असा त्या तळ्याचा जुना करार होता. वरचे पाणी थंड आणि जिवंत, खालचे जड आणि काळे, आणि दोहोंमधली सीमा कुणी ओलांडायची नाही. आता ते काळे पाणी बर्फाच्या पोटाला येऊन टेकले होते.

तिने जाळे सोडले, वर ओढले आणि जाळ्याच्या टोकाची बाटली डोक्यावरच्या दिव्यासमोर धरली. एरवी या बाटलीत तांदळाच्या कणीहूनही बारीक जीव वल्ह्यांसारखे पाय मारीत झटक्याझटक्याने पळत असत. कवचाचे इवलेसे प्राणी. बर्फाळ किनाऱ्यावरच्या संशोधन छावणीतली माणसे त्यांना ‘इमेल्डाच्या पिसवा’ म्हणत. आज बाटलीत पांढरा गाळ होता. तिने तो हलवला. गाळ वर उठला, फिरला आणि पुन्हा खाली बसला. त्याला पाय होते, पण ते आता कुणाचेच नव्हते.

काय घडले ते समजायला तिला पुस्तक उघडावे लागले नाही. छावणीला पिण्याचे पाणी लागते. उन्हाळ्यात पंप लावून खाऱ्या तळ्याचे पाणी उपसायचे, यंत्रातून मीठ वेगळे काढायचे, गोडे पाणी टाक्यांत साठवून वर्षभर पुरवायचे, अशी तिथली रीत. नेहमीचे डबके आटल्यामुळे यंदा पंप हार्गनवर आणला होता. आणि उरलेले दाट मिठवणी? ते कुठेतरी सोडायला हवे, म्हणून जिथून घेतले तिथेच परत सोडले. हिशेब चोख होता. पण दाट पाणी जड असते. ते खाली बसत गेले आणि तळाचे विष वर उचलत गेले. तळे घुसळून निघाले.

उपसण्याची परवानगी एका समितीने दिली होती. तळ्यातला जीव आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रातला जीव ही एकच जात, असा तिचा निवाडा होता. म्हणून तळ्यात जपण्यासारखे वेगळे काही नाही. समितीने दोघांचे पाय भिंगाखाली ठेवून पाहिले होते, ते सारखे दिसले. या न्यायाने समितीचे सभासद आणि कोंबडी यांचीही जात एकच ठरली असती. हिवाळ्यात हे जीव कसे जगतात, ते समितीतल्या कुणीच पाहिले नव्हते. हिवाळ्यात जहाज येत नाही, आणि जिथे जहाज येत नाही तिथे समितीच्या मते काही घडतही नाही.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने ते सांगितले. आवाज चढवला नाही. तिचा संताप बर्फासारखा होता, वाढायचा तो आतल्या बाजूला.

“हार्गन मेलं,” ती म्हणाली.

छावणीप्रमुख रॉयस्टन ऑल्डर मटणाचे काप करीत होता. सुरी थांबली नाही. “मेलं म्हणजे? तळं कसं मरेल?”

“वरचं पाणी विषारी झालंय. आत काही जिवंत नाही.”

“जेवताना विषाचं नाव नको गं बाई,” आचारीण विल्मा ओरडली. “मटण माझ्या हातचं आहे. उगाच बदनामी व्हायची.”

हशा पिकला. टेबलाच्या टोकाला बेव्हन टिपेट मात्र हसला नाही. तो छावणीचा यंत्रवाला. उन्हाळाभर हार्गनवरचा पंप त्यानेच चालवला होता. त्याने ताटातला बटाटा काट्याने दाबला आणि दाबतच राहिला.

“वाईट झालं, इमेल्डा,” ऑल्डर म्हणाला. “खरंच. पण समुद्रात याच जातीचे कोट्यवधी आहेत ना? मग तुझ्या पिसवा संपल्या असं कसं म्हणायचं?”

“उद्या तुझा भाऊ मेला आणि मी म्हटलं, शेजारच्या गावात माणसं खंडीभर आहेत, तर चालेल तुला?”

“माझा भाऊ? तू त्याला भेटली नाहीयेस. चालेल.”

पुन्हा हशा. ऑल्डर दुष्ट नव्हता. कुणाचा वाढदिवस विसरत नसे, वादळात सगळ्यांआधी बाहेर पडे. वरून आलेला शब्द खाली पोचवायचा आणि मधे आपण विचार करून तो खराब करायचा नाही, हे त्याचे व्रत होते. जगातली बरीचशी तळी अशाच सज्जनांनी आटवली आहेत.

“चिखलात अंडी असतात म्हणालीस ना मागे?” तो म्हणाला. “ती फुटतील की उन्हाळ्यात.”

“काठाजवळचा चिखल आणून ठेवला होता. एकही फुटलं नाही. मिठवणी आधी काठावरूनच खाली गेलं.”

“मग तुझ्याकडे त्या टाकीत आहेत तेवढ्या तरी आहेत.”

“हो,” इमेल्डा म्हणाली. “तेवढ्याच आहेत.”

उन्हाळ्याच्या शेवटी, पंपाची नळी अजून तळ्यात असताना, तिने अभ्यासासाठी तिथली थोडी पिल्ले आणली होती. ती काचेच्या टाकीत, थंड पडवीत होती. बाहेरचे दार आणि आतले दार यांच्यामधल्या या जागेत बूट उतरवतात आणि अंगावरचे बर्फ झाडतात. आतल्या उबेत ती पिल्ले मेली असती, बाहेरच्या गारठ्यात गोठली असती. पृथ्वीवरच्या सर्वांत थंड मुलखात नेमका हवा तेवढा गारवा मिळायला मात्र दोन दारांमधली हीच फट होती. कुणी आतले दार उघडे टाकले की इमेल्डा अंथरुणातून उठून येई. टाकीच्या तळाशी कधी एक पांढरा ठिपका दिसे, कधी दोन. ती ठिपके टिपून काढी आणि उरलेल्यांना गोठवलेले शेवाळ थेंबाथेंबाने घाली. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी एक अख्खी प्रजा तिच्या राखणीला होती. जमीन वर उचलली गेली, समुद्र मागे सरला आणि ती प्रजा मागे राहिली, तेव्हा माणसाने शहर नावाची वस्तू अजून बांधलेली नव्हती.

टिपेट कधीकधी पडवीत येऊन उभा राही.

“किती राहिल्या, डॉक?”

“कमी.”

“मी काय करू?”

“दार लाव.”

तो दार लावी. एकदा त्याने विचारले, “समुद्राचा बर्फ वितळवताना तू तो आधी खाऱ्या पाण्यात का ठेवतेस?” तिने सांगितले: नुसता वितळवला तर पाणी गोडे होते आणि बर्फातले जीव फुगून फुटतात. त्याने मान हलवली. आपल्या एका उत्तरातून काय उगवणार आहे, हे तिला त्या वेळी कळले नाही.

हिवाळ्याच्या मध्यावर, सूर्य दिसेनासा होऊन बरेच दिवस लोटल्यावर, छावणीत सण असतो. त्याच्या पुष्कळ आधी प्रत्येकजण टोपीतून एक चिठ्ठी उचलतो. ज्याचे किंवा जिचे नाव निघेल त्या व्यक्तीसाठी स्वतःच्या हातांनी भेट बनवायची आणि सणाच्या दिवसापर्यंत अवाक्षर काढायचे नाही. जिथे दुकानच नाही तिथे हा रिवाज लोक फार जिवाला लावून घेतात. कुणी लाकडाचे पेंग्विन कोरतो, कुणी गोधडी शिवतो. या वर्षी इमेल्डाचे नाव टिपेटला निघाले होते.

मेजवानी दुपारीच सुरू झाली. टाय बांधलेले पुरुष, ट्रंकेच्या तळातून निघालेले झगे, घरी गाळलेली बीअर आणि विल्माचा साखरी फेसाचा उंच केक. भेटी वाटून झाल्या. इमेल्डाच्या हातात काहीच आले नाही.

“माझी इथे आणता येण्यासारखी नव्हती,” टिपेट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “चल ना, डॉक. दाखवतो.”

“अरे वा!” विल्मा ओरडली. “पडवीत नेतोय बघा! दार लावून घे रे!”

तो तिला टाकीपाशी घेऊन गेला आणि दिवा लावला.

टाकी जिवंत होती. ती अशी भरलेली तिने कधीच पाहिली नव्हती. शेकडो पिल्ले उजेडात झटके मारीत सैरावैरा पळत होती, सगळे पाणी जणू खाजत होते.

“भरतीने समुद्राच्या बर्फाला भेग पडते ना, तिथला बर्फ कापला,” टिपेट भराभर सांगू लागला. “खालचा मऊ थर, तू घेतेस तोच. खाऱ्या पाण्यात ठेवून हळूहळू वितळवला, तू सांगितलं होतंस अगदी तसा. एकही फुटली नाही, डॉक. सकाळी सगळे टाय शोधत होते ना, तेव्हा ओतल्या. पंप मी चालवला होता. म्हटलं, आपणच भरून द्यायला हव्या. रॉयस्टनला आधी विचारलं मी. तो म्हणाला, जात एकच आहे, घाल बिनधास्त.”

इमेल्डा टाकीवर वाकून पाहू लागली. हजारो वर्षांत जे समुद्राला जमले नव्हते, ते एका भल्या माणसाने दोन बादल्यांत उरकले होते. पिल्ले या वयात दिसायला सारखीच. त्यांतली कोणती तळ्याची, ते भिंगालाही सांगता येणार नव्हते. वेगळी काढली नाहीत तर वसंतात ती एकमेकांत मिसळतील, आणि मग हार्गनची प्रजा मेलीही नसेल आणि उरलीही नसेल.

“डॉक? काही तरी बोल ना.”

“काम फार नीट केलंस,” ती म्हणाली. तिने शिवी दिली असती तर बरे, असे तिचा चेहरा पाहून त्याला वाटले असावे. “एकही फुटली नाही, हेच वाईट झालं.”

मग तिने त्याला सगळे सांगितले, त्याच थंड आवाजात. तो खाली बसला, बुटांच्या ढिगावर.

“मी माझ्या हातांनी…” तो म्हणाला.

“हो. आणि समितीच्या सल्ल्याने. कुंपणानं शेत खायचं आणि वर सांगायचं की गवत सगळीकडे सारखंच.”

आत कोणीतरी गाणे सुरू केले. ती टाकीकडे पाहत राहिली. समितीचे म्हणणे पायांवर उभे होते; तिचे म्हणणे मात्र पायांवर कधीच नव्हते. समुद्रातली पिल्ले हिवाळा बर्फात काढतात. समुद्राचा बर्फ खारट आणि सच्छिद्र असतो. त्याच्या खालच्या थरात केसांएवढ्या वाटा असतात, पिल्ले त्यांत शिरतात, तिथलेच शेवाळ खातात आणि उजेड परतला की बाहेर पडतात. हार्गनचे वरचे पाणी कमी खारट, म्हणून तिथला बर्फ मात्र जवळजवळ गोडा. टणक, बंद, वाटा नसलेला. तिथे शिरायला जागा नाही, म्हणून तळ्याची पिल्ले हिवाळाभर उघड्या पाण्यातच पोहतात. हजारो पिढ्या दार बंद सापडल्यावर त्यांनी दार ठोठावणेच सोडून दिले असावे. तिची खात्री होती की हा आता त्यांचा स्वभाव झाला आहे. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. आणि हा प्रयोग तिने कधी केला नव्हता, कारण त्यात पिल्ले मरण्याची भीती होती.

“टाकी गोठवायची,” ती म्हणाली.

“काय?”

“वरून. फक्त वरून. तुझ्या बादल्यांतल्या पाण्यानं टाकी चांगलीच खारट झालीय, बर्फ सच्छिद्र होईल. समुद्रातल्या वर चढतील आणि आत शिरतील. हार्गनच्या खाली राहतील. मग बर्फ उचलून काढायचा.”

“आणि त्याही वर गेल्या तर?”

“तर समिती बरोबर.”

“आणि खाली मेल्या तर?”

आतमध्ये गाणे संपले होते आणि टाळ्या पडत होत्या.

टिपेटने टाकीच्या चारी बाजूंना आणि तळाला थर्माकोल बांधला, जाड थरांत, सांध्यांना फेस भरून, म्हणजे गारठा फक्त वरून उतरेल. पडवीचे बाहेरचे दार बोटभर उघडे ठेवण्याची परवानगी मागायला इमेल्डा ऑल्डरकडे गेली.

“म्हणजे तू आता आपल्याच पिसवा गोठवणार?” तो म्हणाला. “इतके दिवस आतलं दार उघडं राहिलं तरी आमच्या अंगावर धावून येत होतीस.”

“साहेबांची परवानगी आहे का?”

“अगं, साहेब काय म्हणतेस! दार माझं थोडंच आहे? फक्त बूट गोठतील, म्हणून सगळ्यांना विचारायला हवं.”

बुटांचा प्रश्न टेबलावर चर्चेला आला आणि मतदान झाले. एका प्रजेचे भवितव्य विचारात घेतले गेले ते बुटांच्या निमित्ताने. विल्माने हात वर करीत म्हटले, “माझे बूट मी बिछान्यात घेऊन झोपते. माझा नवरा त्याहून वाईट होता.” दार उघडे राहिले.

आधी पाण्यावर तुपासारखी साय धरली. मग ती घट्ट झाली. इमेल्डा भिंतीला टेकून खोक्यावर बसे, अंगात सगळे कपडे घालून. बर्फ वाढला की मीठ खाली उतरे आणि खालचे पाणी दाट होई. तेच मिठवणी, त्याच मार्गाने. हार्गनला जे केले तेच ती आता हातभर टाकीत स्वतः करीत होती. म्हणून ती बारीक नळीने गोडे पाणी सोडी, थेंबभर, मग थांबे, मोजे, पुन्हा थेंबभर. जास्त झाले तर फुटतील. कमी झाले तर आखडतील. थर्माकोलमध्ये ठेवलेल्या झरोक्यातून ती पाही, तर पाण्यातली वर्दळ ओसरत होती. पिल्ले वर गेली होती की मेली होती, ते दिसत नव्हते. बर्फाचा खालचा पदर मऊ, केसाळ आणि किंचित तपकिरी झाला होता.

“झोप जरा,” टिपेट म्हणे. “मी बसतो.”

“तू काही ओतशील.”

एकदाच म्हणाली ती असे. तरी तो गेला नाही. तेव्हापासून ते दोघे आळीपाळीने बसत, आणि जागा असलेला दुसऱ्याच्या पायांवर घोंगडी टाकी.

झरोक्यातून काहीच हलताना दिसेनासे झाले, तेव्हा तिने गोठवणे थांबवायचे ठरवले. अजून थांबले तर खालचेही गोठेल. आधीच थांबवले तर वर जाणाऱ्या सगळ्या गेल्या नसतील. नेमकी वेळ कोणती, ते सांगणारा जगात कुणी नव्हता. जिला ठाऊक असायला हवे होते ती तीच होती.

टिपेटने कडेने करवत फिरवली आणि बर्फाची लादी एकसंध उचलली. लादीखालून थेंब गळाले. तिने लादीची एक कपची खाऱ्या पाण्यात सोडून भिंगाखाली धरली. केसांएवढ्या वाटांत पिल्ले दाटीवाटीने बसली होती, जिवंत आणि अगदी सुखात.

“भेगेत नेऊन सोड,” ती म्हणाली. “जिथून आणल्यास तिथेच. त्यांचा काही गुन्हा नाही.”

तो लादी छातीशी धरून अंधारात निघाला. ती टाकीकडे वळली.

खालचे पाणी ती बशीबशीने काढू लागली. पहिल्या बशीत काही नव्हते. दुसरीत पांढरे ठिपके, न हलणारे. तिसरीत काही नव्हते. तिने डोळे मिटले, उघडले, चौथी घेतली. गाळ. मनात एक स्वच्छ, कोरडे वाक्य तयार झाले: समिती बरोबर होती, किंवा मी त्यांना मारले, यातले कोणते खरे ते आता कधीच कळणार नाही. ती बशा रिकाम्या करीत गेली. टाकीत बोटभर पाणी उरले.

शेवटच्या बशीत काहीतरी झटक्याने सरकले.

तिने बशी भिंगाखाली सरकवली. एक. मग कडेशी दुसरे. बऱ्याच वेळाने, बशी किंचित कलल्यावर, तिसरे. तिघेही उघड्या पाण्यात. डोक्यावर इतके दिवस दार सताड उघडे असताना आत न गेलेले.

ऑल्डर आतल्या दारातून डोकावला, हातात कॉफीचा मग. “काय निकाल?”

“तीन,” ती म्हणाली. “खाली राहिले.”

“म्हणजे तू बरोबर होतीस!” त्याचा चेहरा खरोखर उजळला. “अगं, अभिनंदन! समितीला आजच कळवतो. आवडेल त्यांना. अशा चुका कळवलेल्या त्यांना आवडतात.”

तिने भिंगातून डोळा काढला नाही.

“आणि हे बघ, आठवण झाली म्हणून विचारतो,” तो पुढे म्हणाला. “येत्या उन्हाळ्यात पंप टेकडीपलीकडच्या तळ्यावर न्यावा असं वरून आलंय. हार्गन आता कामाचं नाही ना. तिथे काही आहे का तुझ्या माहितीत?”

“मला माहीत नाही. तिथे कधी कुणी पाहिलेलं नाही.”

“मग छान,” ऑल्डर म्हणाला. “म्हणजे नोंद काहीच नाही.” आणि त्याने दार अलगद, अगदी काळजीने, लावून घेतले.

टिपेट परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. तो बशीवर वाकला.

“तीन,” तो म्हणाला. “पुरतात?”

“दोन पुरतात. त्यांतला एक नर असेल, एक मादी असेल, आणि दोघं वसंतापर्यंत जगली तर.”

“कोण नर आहे?”

“या वयात कळत नाही. सूर्य परत आला की कळेल.”

त्याने टोपी काढली. “रॉयस्टन भेटला वाटेत. पंपाचं सांगत होता.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “त्या पंपाचा दांडा तसा जुनाच आहे, डॉक. उन्हाळ्यात मोडूही शकेल.”

“दुसरा जहाजातून येईल,” ती म्हणाली.

तो विचार करीत उभा राहिला आणि त्याला तो दांडाही दिसला, ते जहाजही दिसले. मग तो दाराशी गेला. बाहेरचे दार त्याने घट्ट लावले, आतले तपासले आणि तिच्या शेजारी खोक्यावर बसला. इमेल्डाने दिवा विझवला, कारण दिव्याचीही ऊब होते. बशी तिने दोन्ही हातांच्या मध्ये ठेवली, पण हात मात्र लावला नाही.